ठिपका लावला होता

नायगावला बदली होऊन आले तेव्हा चाचांनी मला खोली दाखवायच्या आधी माझा हात बघितला. भविष्य सांगायला नव्हे. जिन्याचा कठडा धुळीने भरलेला होता आणि मी पर्समधलं फडकं काढून तो पुसत पुसत वर चढत होते. चाचा तिसऱ्या पायरीवर थांबले, वळले आणि माझ्या हातातल्या फडक्याकडे साप दिसल्यासारखे बघत राहिले.

"बाई, वरचं घर तुमचं. पुसा, धुवा, काय बी करा," ते म्हणाले. "पर खाली दुकानात एक चीज पुसायची न्हाई. खालची धूळ माझी हाय."

ही एकच अट होती. मी लातूरची, आणि आमच्या घरात पाहुणा उठला की त्याची खुर्ची पुसतात. तरी मी मान डोलावली. पुढची सहा वर्षं मी त्या घरात राहिले आणि ती अट एकदाच मोडली. त्या एका वेळेची ही गोष्ट आहे, पण चाचा कोण होते हे आधी सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

खाली गॅरेज, गॅरेजच्या मागे चाचा आणि चाची, वर मी, अशी आमची मांडणी. गॅरेजला पाटी नव्हती. "पाटी वाचून येनारा गिऱ्हाईक मला नको," असं चाचा म्हणत. दाढी पांढरी, दाढीच्या टोकाला मेंदी, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि उजव्याचं पुढे ढकललेलं. मोटारसायकल आणि फवारणीचे पंप, एवढीच लहान इंजिनं ते करायचे. जीप किंवा टेम्पो दारात आला की हात झटकायचे. म्हणायचे, "चार चाकाच्या गाडीला अक्कल नसली तरी चालतं. ती नुसती उभी तर राहती. दोन चाकाची गाडी अकलेवर उभी असती." स्वतः मात्र आयुष्यभर सायकलवर फिरले. विचारलं तर म्हणत, "मला आतलं माहीत हाय ना, बाई."

गिऱ्हाइकाची चौकशी ते वैद्यासारखी करत. गाडीला हात लावायच्या आधी माणसाला स्टुलावर बसवायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"मेव्हण्याला दिलती का?"

"न्हाई ओ चाचा."

"साडूला?"

इथे गिऱ्हाईक खाली बघायला लागायचं. मग ऑईल न बदलता नांदेडला कोण गेलं, कुठल्या खड्ड्यात गाडी आपटली, सगळं बाहेर यायचं. खोटं बोलणाऱ्याची गाडी ते करत नसत. तीन दिवस तशीच उभी ठेवत आणि माणूस खरं बोलायला परत आला की तासाभरात देऊन टाकत.

बडबड्या माणसांसाठी त्यांच्याकडे वेगळा इलाज होता. खिशातून एक वायसर, नटाखालची ती चपटी चकती, काढून त्याच्या चिमटीत द्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "हे धरा. असंच, आडवं. सोडलं तर काम बिघडंल." त्या वायसरचा कामाशी काडीचा संबंध नसे. एकदा कृषी खात्याचे एक साहेब आले. त्यांनी येता येताच इंजिन कसं दुरुस्त करायचं ते सांगायला सुरुवात केली. चाचांनी वायसर दिलं. साहेबांनी ते तब्बल दोन तास धरलं, त्यात आलेला फोनसुद्धा डाव्या हाताने घेतला, आणि गाडी चालू झाल्यावर आनंदाच्या भरात वायसर घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी ते घाबरून परत द्यायला आले. "बरं झालं आणलं," चाचा म्हणाले, "रात्रभर झोप न्हाई मला." मी वरच्या गॅलरीत तोंडात पदर कोंबून उभी होते.

त्यांचा एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग काय बिघडलंय ते सांगायचं. ही सवय इंजिनापुरती राहिली असती तर बरं. एकदा वर चहाला आले तेव्हा त्यांनी तो पेचकस माझ्या पंख्याच्या रेग्युलेटरला लावला, मग कुकरला. "चौथी शिट्टी न्हाई व्हायची. रबर गेलं," म्हणाले. खरंच झाली नाही. त्या दिवशीची डाळ आम्ही अर्धी कच्चीच खाल्ली.

माणसांनाही ते इंजिनाच्याच मापाने मोजत. जो विचार न करता बोलतो त्याचं टायमिंग पुढं, जो गाडी सुटल्यावर स्टँडवर पोचतो त्याचं मागं. माझी शाळेची बस आठवड्यातून दोनदा चुकायची, कारण निघताना कुठेतरी काहीतरी पुसायचं राहिलेलं असायचं. मी धावत जिना उतरले की खालून आवाज यायचा, "बाई, तुमचं टायमिंग एक दात मागं हाय!" अख्ख्या नायगावात टायमिंग बरोबर असलेलं माणूस त्यांच्या मते एकच, ते म्हणजे चाची. त्या दिवसातून चार वाक्यं बोलायच्या आणि चारही लागायची.

हे एक दात मागं म्हणजे काय ते त्यांनीच मला एका रविवारी समजावलं होतं. इंजिन म्हणजे एक खोली, तिला दोन झडपा. एकीतून ताजी हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. कुठली झडप कधी उघडायची हे एक छोटा दांडा ठरवतो, त्याला कॅम म्हणतात. कॅमच्या टोकाला दातेरी चक्री असते, तिच्यावर साखळी, आणि ती साखळी खाली फिरणाऱ्या, पिस्टन वरखाली नेणाऱ्या क्रँकशी जोडलेली. साखळी चक्रीच्या एका दाताने जरी इकडे-तिकडे बसली तरी झडपा भलत्याच वेळी उघडतात. मग गाडी शिंकते, लाथ मारते, दम टाकते.

"आनि बरोबर कवा म्हनायचं?" चाचांनीच विचारलं आणि चाचांनीच उत्तर दिलं. "पिस्टन एकदम वर असला पायजे. धूर सोडनारी झडप मिटता मिटता, हवा घेनारी उघडता उघडता. जानारा जाऊन राहिला, येनारा येऊन राहिला, आनि दोघं दारात एकमेकाला सलाम करून राहिले. तो सलाम दिसला की टायमिंग बरोबर. बाकी कंपनीच्या खुना कंपनीला लखलाभ."

कंपनी चक्रीवर एक बारीक रेघ मारून देते. ती रेघ त्यांना एका डोळ्याने धड दिसत नव्हती, हे खरं कारण. ते कबूल करायच्या ऐवजी ते म्हणायचे की बाजारातल्या बदली चक्रीवरच्या रेघेवर भरवसा ठेवणं म्हणजे साडूला गाडी देणं. म्हणून त्यांची स्वतःची रीत होती. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक आत घालून पिस्टन वर आलाय का ते बघायचं, झडपांचा सलाम बघायचा, आणि मग चक्रीवर, हेडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या खाचेसमोर, लाल नेलपॉलिशचा एक ठसठशीत ठिपका लावायचा. चक्री काढून परत बसवायची वेळ आली तर ठिपका खाचेसमोर आणला की झालं.

हे नेलपॉलिश आणायला ते स्वतः कासाराच्या दुकानात जात. मेंदीची दाढी आणि काळ्या बोटांचा हा माणूस काउंटरवर बाटल्या मांडून अंगठ्याच्या नखावर एकेक रंग लावून बघायचा आणि "याच्याहून लाल न्हाई का?" असं विचारायचा. बांगड्या भरायला आलेल्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या. चाचींनी एकदा त्या बाटलीतून थोडंसं स्वतःच्या नखाला लावलं तर चाचांनी घर डोक्यावर घेतलं. म्हणाले, "हत्यार हाय ते!"

आता त्यांची कसम. ती सगळ्या बाजाराला पाठ होती, कारण चाचा महिन्यातून एकदा ती म्हणून दाखवत. "ज्या दिवशी या हातानं टायमिंग चुकंल, त्या दिवशी शटर खाली." तारुण्यात कधीतरी, उस्तादाच्या समोर, त्यांनी ती खाल्ली होती. चाळीसेक वर्षांत ती मोडायची वेळ आली नव्हती. लातूरला त्यांच्या मुलाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. मुलगा सज्जन आणि मायाळू होता. दर ईदला तो म्हणायचा, "अब्बा, आता बस करा. लातूरला चला. दुकानात गल्ल्यावर नुसतं बसा." चाचा म्हणायचे, "बसतो की. एक टायमिंग चुकू दे."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या गॅरेजातली पूजा वरच्या भाडेकरूने करायची अशी तिथली पद्धत होती. माझ्या आधी राहणाऱ्या बाईंनी ती पाडली होती आणि मी आल्यावर चाचांनी ती मला आपणहून सांगितली. "बाई, पान्यांना लावायचं ते लावा. त्यांना सवय झाली." मी पाने, पेचकस, हातोडी, पंप, सगळ्यांना हळदीकुंकू लावायची. चाचा टोपी नीट करून बाकावर बसायचे आणि शेवटी नारळ मात्र स्वतः फोडायचे. "हातोडी माझी हाय," हे त्यांचं म्हणणं. खोबरं पहिल्यांदा चाचींना जायचं. त्या दिवशी गॅरेजात उघडं इंजिन नसायचं, हा त्यांचा नियम होता.

त्या वर्षी नियम मोडला. माधवराव म्हणून एक दूधवाले होते, जवळच्याच खेड्यातले. त्यांच्या गाडीचा कॅम झिजला होता. दसऱ्याचं दूध, घरोघरची बासुंदी, आणि गाडी बंद. "चाचा, संध्याकाळच्या रतीबाला गाडी पायजे बघा. न्हाईतर गाव मला बासुंदीत बुडवंल." चाचांनी आधी मेव्हण्याची चौकशी केली, मेव्हणा निर्दोष निघाला, म्हणून मान्य केलं.

मी खाली गेले तेव्हा गॅरेजात कुणी नव्हतं. नवा कॅम बसवून, स्पोक घालून, सलाम बघून, ठिपका लावून चाचांनी चक्री परत काढून ठेवली होती, कारण साखळीचं एक रबर बदलायचं होतं. तेवढ्यात चाचींनी चहाला हाक मारली, म्हणून ते मागे गेले होते. हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की वर्तमानपत्रावर पाने मांडलेत आणि त्यांच्यामध्ये एक छान दातेरी चक्री आहे, आणि त्या चक्रीवर काहीतरी चिकट लाल सांडलंय.

माझा हात आपोआप कमरेच्या फडक्याकडे गेला. पूजेची वस्तू तशी कशी ठेवायची? मी ती चक्री पुसली. चांगली घासून पुसली. मग पुसलेल्या जागेच्या शेजारीच, जरा नीट जागा बघून, ओल्या कुंकवाचं एक सुरेख बोट टेकवलं. सगळ्यांना अक्षता वाहिल्या, उदबत्ती लावली आणि चाचांना नारळासाठी हाक मारली. खाली काही पुसायचं नाही हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. इतकी सवय वाईट.

नारळ फुटल्यावर चाचांनी चक्री बसवून इंजिन बंद केलं. दुपारी माधवराव दुधाचे कॅन घेऊनच आले. चाचांनी एप्रनला हात पुसत गाडी पुढे ढकलली आणि नेहमीप्रमाणे बाकावर जाऊन बसले, कारण पहिली किक गिऱ्हाइकाने मारायची असते. माधवरावांनी किक मारली. किकने माधवरावांना मारलं. दुसऱ्या किकला सायलेन्सरमधून असा आवाज निघाला की समोरच्या हॉटेलातले दोघे बाहेर आले. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, एकदा शिंकली, दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकली आणि बंद पडली.

मी वरून बघत होते. चाचांनी पेचकस घेतला, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. "परत मारा," म्हणाले. माधवरावांनी भीत भीत मारली. चाचांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता.

"एक दात," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन उघडलं, तिथेच, सगळ्यांसमोर. चक्रीवर ठिपका नव्हता. तेलाने न्हालेली, स्वच्छ, चकचकीत चक्री. कुंकू तेलाबरोबर केव्हाच वाहून गेलं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. चाचांनी चक्री उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढून बघितली. "मी ठिपका लावलता," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. मागच्या दारात चाची उभ्या होत्या. त्या दिवसाच्या चार वाक्यांतलं ते एक असावं. त्या हळूच म्हणाल्या, "लावलाच नसंल तुम्ही. चहाला उठला ना."

चाचींचं टायमिंग कधी चुकत नाही, हे चाचांनीच सगळ्यांना शिकवलेलं. त्यामुळे त्यांनी ते मानलं.

त्यांनी परत स्पोक घातला, परत सलाम बघितला, चक्री बसवली. माधवरावांची गाडी पहिल्या किकला गुणगुणायला लागली आणि रतीबही वेळेत झाला. पण चाचांनी पाने गोळा केले, बाकडं आत घेतलं आणि भर बाजाराच्या वेळी शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला लोक आले, तेव्हा चाचा दाराशी उभे राहून सगळ्यांची आपट्याची पानं घेत होते आणि कुणालाही मेव्हण्याबद्दल विचारत नव्हते. ते बघून मला रडू आलं.

ते मला एकदाच बोलले, जिन्यात. "बाई, हात चुकला असता तर चाललं असतं. हात म्हातारा होतो. पर मला आठवून राहिलं की लावला, आनि चक्रीवर तर न्हाई. म्हनजे डोकंच गेलं का?" मी म्हटलं, होतं असं कधी कधी. याहून निर्बुद्ध उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी फडकी धुवायला काढली. हळदीचे डाग पिवळे होऊन पसरले, कुंकवाचे गुलाबी होऊन गेले. एक लाल डाग मात्र हलेना. साबण लावला, घासला, उकळत्या पाण्यात टाकला. तो डाग कडक होता, चकाकत होता आणि नखाने खरवडला की त्याचा पापुद्रा निघत होता. मी तो पापुद्रा बोटावर घेऊन न्हाणीघराच्या उजेडात धरला. नेलपॉलिश. आता खरं सांगते, पहिला विचार चाचांचा आला नाही. पहिला विचार आला की फडकं जाळून टाकावं. पाचवीच्या वर्गाला मी रोज खरं बोलायला शिकवत होते, आणि दोन दिवस मी चाचांच्या समोरून मान खाली घालून, साडूला गाडी दिलेल्या गिऱ्हाइकासारखी ये-जा केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून मुलगा टेम्पो घेऊन आला. चाचांनी स्वतःच फोन केला होता. मी गॅलरीतून बघितलं तर पाने गोणीत भरले जात होते. मुलगा आणि चाची आत भांडी बांधत होते. चाचा गॅरेजात एकटे, तो लांब पेचकस हातात धरून उभे होते. गोणीत टाकावा की हातात न्यावा हे त्यांचं ठरत नव्हतं. मी चपला न घालता खाली आले आणि फडकं त्यांच्यासमोर धरलं.

"चाचा, मी पुसलं."

"काय पुसलं?"

"चक्री. त्यावर लाल होतं ते. मग शेजारी कुंकू लावलं मी. तुम्ही कुंकवावर बसवली चक्री."

त्यांनी फडकं घेतलं. डाग बघितला, नखाने खरवडला, वास घेतला. एका डब्यातलं थिनर बोटावर घेऊन डागाला लावलं. बोट लाल झालं. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडायलाच हवं होतं.

"म्हनजे ठिपका लावलता मी," ते म्हणाले.

"हो चाचा."

"लावलता!" त्यांनी माझ्या तोंडासमोर ते लाल बोट नाचवलं. "लावलता ना! डोकं जाग्यावर हाय!" आणि ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, खोकला थांबल्यावर पुन्हा हसले, आणि डोळे त्याच फडक्याने पुसले. मी रडत होते, ते हसत होते, आणि आतून मुलाने हाक मारली, "अब्बा, काय झालं?"

"काय न्हाई," चाचा म्हणाले. "बाईंनी चुटका सांगितला."

मी हळू आवाजात म्हटलं, "मी बाजारात सगळ्यांना सांगते. चूक माझी आहे. तुमची कसम मोडलीच नाही."

त्यांनी मान हलवली. "नको. बाजाराचं टायमिंग लई पुढं हाय, बाई. एक म्हनंल चाचाच्या दुकानात पूजा कशाला. दुसरा म्हनंल बाईंनी मुद्दाम केलं. खंडेनवमी जाईल आनि नुस्ता धूर राहील. आपला ठिपका आपल्यात."

"मग दुकान कसं उघडणार?"

"कसम मोडली म्हनून उघडनार," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यात जुना खट्याळपणा परत आला. "आमच्यात त्याला इलाज हाय. कसम मोडली की धा भुकेल्यांना जेवू घालायचं. बस, माफ."

"पण मोडली कुठे?"

"ते तुम्हाला माहीत आनि मला माहीत. आनि वरच्याला. तो काय जेवायला येत न्हाई."

न मोडलेल्या कसमेसाठी त्या शुक्रवारी चाचींनी दालचा-खाना केला, डाळीचं आंबट कालवण आणि भात. मी वीस कांदे चिरले, ती माझी शिक्षा. स्टँडवरचे, दर्ग्याजवळचे, मठाच्या पायरीवरचे असे दहा जण पंगतीला बसले. अकरावे माधवराव, न बोलावता आले आणि सगळ्यांत जास्त जेवले. "चाचा," ते भात कालवत म्हणाले, "तुमची कसम अशीच मोडत राहू द्या." सगळा बाजार हसला. चाचाही हसले आणि माझ्याकडे बघून त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा मिचकावला. शनिवारी शटर वर गेलं. मुलगा रिकामा टेम्पो घेऊन लातूरला परतला.

त्यानंतर बाजाराने त्यांना सोडलं नाही. चहाच्या गाड्यावरून, कासाराच्या दुकानातून कुणीतरी विचारायचं, "काय चाचा, ठिपका लावला का?" चाळीस वर्षं ज्याचा तोरा होता ते नाव एका दुपारी गेलं आणि त्यांनी ते जाऊ दिलं. मी खालून जाताना ऐकायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चाचा तेवढ्यात ओरडायचे, "बाई, बस गेली! एक दात मागं!"

माझी लातूरला बदली झाली. दर खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन यायचा. रामराम नाही, खुशाली नाही. एकच वाक्य. "बाई, लावा. पुसू नका."

यंदा फोन आला नाही. चाचा उन्हाळ्यातच गेले, मला उशिरा कळलं. माझं टायमिंग ते शेवटपर्यंत सुधारू शकले नाहीत. खंडेनवमीला मी त्यांच्या मुलाच्या दुकानात गेले. चाची आता तिथेच, दुकानामागच्या घरात राहतात. काउंटरवर दोन मेकॅनिक उभे होते आणि मुलगा त्यांना वडिलांचं सांगत होता. डोळे भरून, कौतुकाने. "उभ्या जिंदगीत अब्बांचं एकच टायमिंग चुकलं. एकच. ठिपका लावायला विसरले."

आपला ठिपका आपल्यात, हे मला आठवत होतं. पण ज्या बाजाराच्या तोंडी त्यांना हे द्यायचं नव्हतं तो नायगावात राहिला, आणि हे तर त्यांचं घर होतं. मी पर्स उघडली. ते फडकं मी कधी टाकलं नव्हतं. काउंटरवर पसरलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मुलाने डाग बघितला. नखाने खरवडला, वास घेतला, अगदी तसाच. मग त्याने आत हाक मारली. चाची बाहेर आल्या. त्यांना मी पुन्हा सांगितलं.

"म्हनजे लावलता त्यांनी?" चाचींनी विचारलं.

"लावला होता, चाची."

"आनि मला सांगितलं न्हाई," मग त्या म्हणाल्या. "या मानसाच्या पोटात घोटभर चहा ठरत नव्हता. हे कसं काय ठरलं?"

मी फडक्याची घडी घालायला हात पुढे केला. चाचींनी माझा हात बाजूला सारला, फडकं उचललं आणि पदराआड धरलं.

"हे धुवायचं न्हाई," त्या म्हणाल्या.